लाटेसाठी बेटावर जाताना

कुर्डुवाडी हे रुळांचं गाव आहे. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले आणि 'बार्शी लाइट'चं नाव पुढे जगभरातल्या रेल्वेप्रेमींच्या तोंडी झालं. पंढरीच्या वाटेवरचं जंक्शन म्हणून महाराष्ट्र या स्टेशनला ओळखतो. अरबी समुद्र मात्र इथून सरळ रेषेत मोजला तरी सव्वादोनशे किलोमीटरच्या पलीकडे आहे, आणि माढा तालुक्यातल्या माणसाला मोठं पाणी म्हणजे उजनी धरणाचं, एवढंच रोजच्या पाहण्यातलं. तरीही ज्याला महासागरातल्या एखाद्या बेटावर जाऊन लाटेवर उभं राहायचं आहे, त्याच्यासाठी हे स्टेशन अगदी योग्य जागी आहे. मुंबईहून निघालेला मुख्य मार्ग इथून सोलापूर, वाडी, रायचूर, गुंटकल करत चेन्नईला जातो. १८७१ मध्ये रायचूरला मुंबईकडचे आणि मद्रासकडचे रूळ एकमेकांना मिळाले, तेव्हापासून ही वाट खुली आहे. कुर्डुवाडी ते चेन्नई हे अंतर नऊशे किलोमीटरच्या आसपास. त्या टोकाला भारतातली सर्फिंगची सर्वांत भक्कम शाळा आहे आणि तिथल्याच बंदरातून अंदमानची जहाजं सुटतात.

अंदमान मराठी माणसाला परकं नाही. ४ जुलै १९११ रोजी सावरकर सेल्युलर जेलमध्ये दाखल झाले, आणि त्या एका नावामुळे आजही महाराष्ट्रातल्या सहल कंपन्यांच्या बस पोर्ट ब्लेअरमध्ये, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरममध्ये, भरून फिरत असतात. जेलमधला प्रकाश-ध्वनी कार्यक्रम, रॉस बेट, हॅवलॉकचा राधानगर किनारा, की परतीचं विमान. या फेरीत एक बेट हटकून सुटतं, ते म्हणजे दक्षिणेचं लिटल अंदमान. श्री विजयपुरमपासून साधारण सव्वाशे किलोमीटरवर, सरकारी जहाजाने सहा ते आठ तासांचा प्रवास. भारतात महासागरी बेटावरची लाट खेळायची तर तिथे जावं.

ती लाट नेमकी तिथेच का, हे कळलं की या सगळ्या खटाटोपाचा अर्थ लागतो.

किनाऱ्यावर फुटणारी मोठी लाट बहुतेक वेळा तिथल्या वाऱ्याने तयार केलेली नसते. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला, चाळीस-पन्नास अक्षांशांच्या पट्ट्यात, अंटार्क्टिकाभोवती पश्चिमेचे वारे बाराही महिने घोंघावत असतात. त्यांना अडवायला तिथे जमीनच जवळजवळ नाही. तिथे एखादं वादळ दोन-तीन दिवस एकाच दिशेने वाहिलं की पाण्यात प्रचंड ऊर्जा साठते आणि ती उत्तरेकडे निघते. निघताना लहान-मोठ्या लाटांची नुसती खिचडी असते. पण लांब लाटा वेगाने धावतात आणि आखूड मागे पडतात. पंढरपूरला पायी निघालेल्या मोठ्या घोळक्यात लांब ढांगा टाकणारे पुढे निघून जातात आणि काही कोसांनी गर्दी आपोआप निवडली जाते, तसंच इथे होतं. हजारो किलोमीटर कापल्यावर उरतात त्या एकसारख्या, ठरावीक अंतराने येणाऱ्या लाटा. सर्फिंग करणारे त्यांना 'स्वेल' म्हणतात.

या लाटांचं गणित वहीवर मांडता येतं. अंदाज देणाऱ्या अ‍ॅपवर 'दोन मीटर, पंधरा सेकंद' असं दिसलं, तर पहिला आकडा उंचीचा आणि दुसरा दोन लाटांमधल्या वेळाचा. नवखा माणूस पहिला आकडा बघतो, जाणकाराचं लक्ष आधी दुसऱ्याकडे जातं. पंधरा सेकंदांच्या लाटेची खोल पाण्यातली लांबी साडेतीनशे मीटर भरते. अशा लाटांचा जथा ताशी बेचाळीस किलोमीटरच्या सुमाराने पुढे सरकतो. म्हणजे पंचेचाळीस अक्षांशावर उठलेलं वादळ सहा दिवसांनी लिटल अंदमानच्या किनाऱ्यावर पोहोचतं. तिथे आकाश निरभ्र असतं, वारा पडलेला असतो, आणि तरी समुद्र डोक्याइतक्या उंच लाटा पाठवत राहतो. सहा-सात सेकंदांची लाट तेवढीच उंच दिसली तरी तिच्यात हा जोर नसतो. ती जवळपासच्या वाऱ्याने उठवलेली असते आणि विस्कटलेलीही.

आता बेटांचा मुद्दा. लाटेला तळाची जाणीव होते ती तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर. साडेतीनशे मीटरच्या लाटेला पावणेदोनशे मीटर खोलीवरच तळ लागायला लागतो आणि घर्षणात तिची शक्ती जायला लागते. मुंबईसमोर समुद्राखालचा उथळ खंडमंच दोनशे किलोमीटरहूनही रुंद आहे. दक्षिणेकडून आलेली लांब लाट त्या पठारावर चढली की वाटेतच थकते, आणि कोकणच्या किनाऱ्याला पोहोचेपर्यंत तिचा नूर उतरतो. पावसाळ्यात कोकणात लाटा उंच होतात हे खरं, पण त्या जवळच्या वाऱ्याने ढवळलेल्या असतात. जून-जुलैत महाराष्ट्रात मासेमारी बंद असते ती मुख्यतः माशांच्या विणीसाठी, पण खवळलेल्या समुद्रात माणसाने जाऊ नये हेही तिच्यामागचं कारण आहेच. प्रवाळी आणि ज्वालामुखी बेटांचं तसं नसतं. ती खोल समुद्रातून भिंतीसारखी वर येतात. लाट पूर्ण ताकदीनिशी थेट प्रवाळावर आदळते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास आली की लाट फुटते, आणि तळ एकदम वर आला असेल तर तिचा माथा पुढे झेप घेऊन खाली पोकळी सोडतो. त्या पोकळीतून पार जाणं हे या खेळातलं परमोच्च सुख मानलं जातं.

मालदीवची कहाणी याच भूगोलातून सुरू होते. १९७३ च्या अखेरीस टोनी हिंड हा ऑस्ट्रेलियन तरुण एका शिडाच्या नौकेवर होता. नौका उत्तर माले प्रवाळवलयात हेलेनगेलीजवळ खडकावर आपटली. दुरुस्तीसाठी थांबलेल्या टोनीला दिसलं, की या सपाट बेटांच्या कडांवर अप्रतिम लाटा फुटताहेत आणि त्यांच्यावर कोणीही नाही. तो तिथेच राहिला. त्याने इस्लाम स्वीकारला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं, मालदीवचं नागरिकत्व घेतलं आणि ही गोष्ट बरीच वर्षं जगापासून जपून ठेवली. पुढे पर्यटक आले. आज उत्तर मालेतल्या लाटांची नावं जगभरच्या सर्फरना पाठ आहेत: थुलुसधू बेटावर कोका-कोलाचा कारखाना, म्हणून समोरची लाट 'कोक्स', हिम्माफुशीला तुरुंग होता, म्हणून तिथली 'जेलब्रेक्स'. टोनीने शोधलेली 'पास्ता पॉइंट' ही त्याची सर्वांत लाडकी. मे २००८ मध्ये त्याच लाटेवर खेळून झाल्यावर त्याचा समुद्रातच मृत्यू झाला.

मुंबईहून माले विमानाने तीन तासांच्या आत-बाहेर, आणि भारतीयांना व्हिसा तिथे उतरल्यावर फुकट मिळतो. हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणजे दक्षिण गोलार्धातला हिवाळा आणि त्याच्या मागचा-पुढचा काळ. त्यामुळे पैसेवाला मराठी पर्यटक लाटेसाठी निघाला तर आधी मालदीवला जातो, आणि तिथे बऱ्याचदा घोर निराशा पदरी पडते. कारण तिथली लाट शिकण्यासाठी नाही. फळीवर पोटावर झोपून हातांनी पाणी मारत ज्याला लाटेचा वेग धरता येत नाही, त्याने प्रवाळी खडकावर, 'रीफ'वर, उतरणं म्हणजे मीटर-दीड मीटर पाण्याखाली असलेल्या धारदार प्रवाळावर अंग टाकणं. प्रवाळाची जखम वरवर लहान दिसते, पण त्याचे कण आत राहिले की ती चिघळते, आठवडे भरत नाही.

म्हणून शिकायचं ते वाळूच्या किनाऱ्यावर. तिथे तळ हळूहळू वर येतो, लाट माथ्यावरून फेसाळत घरंगळते आणि पडलं तरी खाली वाळू असते. या शिक्षणाची भारतातली सुरुवात मंगळूरजवळच्या मुल्कीत झाली. जॅक हेब्नर हा फ्लोरिडातला सर्फर १९७२ मध्ये भारतात आला, संन्यासी झाला, आणि २००४ मध्ये त्याच्या आश्रमात 'मंत्र सर्फ क्लब' सुरू झाला. पहाटे भजन आणि मग समुद्र, असा तिथला क्रम. मणिपालला शिकायला गेलेली मुंबईची इशिता मालवीय या आश्रमाविषयी ऐकून तिथे पोहोचली. तिने आणि तुषार पाथियान याने बराच काळ दोघांत एकच बोर्ड वापरून सराव केला आणि २००७ मध्ये कोडी बेंगरे या मच्छीमारांच्या वस्तीत 'शाका सर्फ क्लब' काढला. भारतातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून इशिताचं नाव घेतलं जातं. ती समुद्राकाठच्या शहरात वाढली, पण खेळ शिकायला तिलाही आपलं शहर सोडावं लागलं. मग कुर्डुवाडीच्या पोराने समुद्र लांब म्हणून हातपाय गाळण्याचं कारण नाही.

रुळाच्या दुसऱ्या टोकाला, चेन्नईपासून चाळीस किलोमीटरवर महाबलीपुरमच्या रस्त्यावर, कोवलम गाव आहे. केरळातलं कोवळम ते वेगळं. या गावातल्या मूर्ती मेगवन या कोळ्याने स्वतःच्या जिद्दीवर सर्फिंग शिकून घेतलं, मग गावातल्या मुलांना शिकवायला घेतलं, आणि उद्योजक अरुण वासू यांच्या साथीने 'कोव्हलाँग पॉइंट' ही शाळा उभी केली. आज भारतीय संघातले बहुतेक खेळाडू अशाच कोळीवाड्यांतून येतात. ज्यांच्या घरात समुद्र हा पोटापाण्याचा विषय होता, त्यांच्या मुलांनी त्यातून खेळ काढला. २०२४ मध्ये मालदीवला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने रौप्य मिळवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला झालेल्या स्पर्धेत रमेश बुडिहाळने कांस्य जिंकलं. या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. जपानमधल्या २०२६ च्या आशियाई खेळांत सर्फिंगला पहिल्यांदाच जागा मिळाली, तीही याच सुमाराची गोष्ट.

शाळेत पहिला तास पाण्याबाहेरच जातो. बोर्ड वाळूत ठेवतात आणि शिकणाऱ्याला त्यावर पालथं झोपवतात. तळवे छातीच्या बाजूला, नजर समोर. शिक्षकाने हाक दिली की दोन्ही हातांवर जोर देऊन, गुडघे न टेकता, एका झटक्यात दोन्ही पाय खाली आणायचे: एक पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले, अंग बाजूला वळलेलं. सूर्यनमस्कार घालणाऱ्याला यातली अर्धी हालचाल आधीच येते. पहिला बोर्ड नऊ फुटी, वरून मऊ फोमचा. तो तरंगतो भरपूर आणि डोक्यात बसला तरी फोडत नाही. मागच्या पायाच्या घोट्याला दोरी, म्हणजे 'लीश', बांधलेली असते. पडल्यावर बोर्ड दुसऱ्याच्या अंगावर जाऊ नये आणि थकलेल्या माणसाला धरायला तरंगतं काहीतरी जवळ राहावं, हे तिचं काम. कडक बोर्डावर पाय घसरू नये म्हणून मेण घासतात. गोल गोल हात फिरवत बारीक दाणे उठेपर्यंत ते घासायचं असतं. उन्हात बोर्ड पडून राहिला की सगळं मेण वितळून ओघळतं आणि काम पुन्हा पहिल्यापासून.

आणि पोहणं. इथे माढा-बार्शीकडच्या मुलांकडे एक जुनी पुंजी आहे. पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून विहिरीत ढकललेली पोरं पुढे काठावरून सूर मारायला लागतात, तळाची माती मुठीत घेऊन वर येतात. श्वास धरणं, पाण्याखाली न घाबरणं, हे त्यांना जमतं आणि सर्फिंगमध्ये त्याला फार मोल आहे. पण विहिरीत पाणी ओढत नाही. समुद्रात लाटांबरोबर किनाऱ्याला आलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून परत आत जातं. तिथे लाटा फुटत नाहीत, पाणी शांत दिसतं, आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. त्या ओढीत सापडल्यावर किनाऱ्याकडे तोंड करून जोर लावणारा थकून बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडायचं, मग लाटांच्या बरोबर परत यायचं. कोकणात दर सुट्टीत पर्यटक बुडाल्याच्या बातम्या येतात. सर्फिंग कधीही करणार नसलेल्यांनाही एवढं एक ज्ञान शाळेत मिळायला हवं.

एवढी तयारी झाली, हिरव्या, न फुटलेल्या लाटेवर तिरकं जाता यायला लागलं, की मग बेट.

चेन्नई ते श्री विजयपुरम विमानाने सव्वादोन-अडीच तास. जहाजाने बाराशे किलोमीटर, तीन दिवस. तिथून जहाजाने लिटल अंदमानचं बंदर हट बे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने हे बंदर आणि आजूबाजूच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या होत्या. जेट्टीपासून उत्तरेला एकच मुख्य रस्ता जातो. त्यावर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावं लागतात, नारळी-सुपारीच्या बागा आणि सरकारने लावलेली तेलताडाची जुनी लागवड लागते. चौदा-पंधरा किलोमीटरवर बटलर बेचा लांब वाळूचा किनारा. इथली लाट रीफपेक्षा सौम्य, शिकून आलेल्याला झेपणारी. कुमारी पॉइंटसारख्या रीफवरच्या लाटा अनुभवींच्या. जॉन कॅलाहन या छायाचित्रकाराने १९९८ मध्ये काही नामवंत सर्फरना नौकेने या समुद्रात आणलं, तेव्हा बाहेरच्या जगाला या लाटांची खबर लागली. चांगला काळ मार्च-मध्य ते मे-मध्य: दक्षिणेकडच्या वादळांनी जोर धरलेला असतो आणि मोसमी वारे अजून यायचे असतात. खाड्यांच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. स्थानिक माणूस 'इथे नको' म्हणाला की तिथे उतरू नये, त्यावर वाद नाही.

हे बेट मुळात ओंगे लोकांचं आहे. आज ते सव्वाशेच्या आसपास उरले आहेत. बेटाचा मोठा भाग त्यांच्यासाठी राखीव आहे आणि १९५६ च्या कायद्याने तिथे बाहेरच्यांना बंदी आहे. चांगली लाट दिसते म्हणून होडी त्या बाजूला वळवण्याचा मोह सर्फरना होतो. हा मोह गुन्हा तर आहेच, शिवाय बाहेरच्या साध्या तापाने जी माणसं दगावू शकतात त्यांच्या जिवाशी खेळ आहे. बेटांच्या प्रवासात लाट, हवा, बोर्ड यांवर तासन्‌तास बोललं जातं आणि बेटावर राहणाऱ्यांवर फार कमी, ही या छंदाची जुनी खोड आहे. हवाईत हा खेळ वाढला. १८२० नंतर आलेल्या मिशनऱ्यांच्या काळात तो जवळजवळ लोपला, आणि ड्यूक कहानामोकू या हवाईयन जलतरणपटूने, १९१२ च्या ऑलिंपिक सुवर्णविजेत्याने, तो पुन्हा जगभर नेला. मालदीवमध्ये पास्ता पॉइंटसारखी लाट एका रिसॉर्टच्या पाहुण्यांपुरती राखली गेली आणि स्थानिक पोरांना आपल्याच समुद्रात परवानगीची गोष्ट ऐकावी लागली. पॅरिस ऑलिंपिकची सर्फिंग स्पर्धा पॅरिसपासून पंधरा हजार किलोमीटरवर ताहितीतल्या तेआहुपोला झाली. तिथे पंचांसाठी ॲल्युमिनियमचा नवा मनोरा उभारायचं ठरलं, तेव्हा गावकरी विरोधात उभे राहिले आणि आराखडा लहान करावा लागला. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये चाचणीच्या वेळी तराफ्याने प्रवाळ मोडलं, ते साऱ्या जगाने पाहिलं. आराखडा लहान करावा लागला. पुढच्या वर्षी पुरुषांचं सुवर्ण ताहितीच्याच कौली व्हास्टने जिंकलं.

लिटल अंदमानवर अजून तेवढी गर्दी नाही. तिथे मोजकी साधी निवासस्थानं आहेत, मासळी-भाताचं जेवण आहे, भाड्याची स्कूटर मिळते. बोर्ड मात्र मिळेलच असं धरून चालू नये. स्वतःचा न्यावा, सोबत जादा लीश, बोर्डाखाली बसवायचे पंखे म्हणजे 'फिन', मेण आणि जखमेसाठी जंतुनाशक. मोठं रुग्णालय श्री विजयपुरमलाच आहे, त्यामुळे एकट्याने पाण्यात उतरायचं नाही. लाटेच्या फुटत्या टोकाला जो सर्वांत जवळ, लाट त्याची. दुसऱ्याने तिच्यावर चढायचं नाही, हा नियम इथेही पाळला जातो. शिवाय समुद्र बिघडला की हट बेची जहाजं रद्द होतात, कधी सलग दोन-तीन दिवस. म्हणून परतीच्या विमानाआधी चार मोकळे दिवस ठेवावेत, आणि चेन्नईहून कुर्डुवाडीकडे येणाऱ्या गाडीचं आरक्षण त्याच्याही पुढचं घ्यावं.